सव्वा तासाच्या वाटेवर

मुंबईहून नागपूरला विमान सव्वा तासात येतं, हे भिवाजीनं ज्याला सांगितलं नाही असा माणूस आसेगावात उरला नव्हता. पिठाच्या गिरणीवर सांगून झालं होतं, बाजारात सांगून झालं होतं, एस.टी.च्या थांब्यावर अनोळखी माणसांनाही सांगून झालं होतं.

त्याला कारण होतं. त्याचा एकुलता एक मुलगा देवमन मुंबईत सरकारी कचेरीत कारकून होता. मागच्या साली कचेरीनं त्याला कसलेसे तातडीचे कागद देऊन विमानानं नागपूरला पाठवलं होतं. कागद पोचते करून तो दोन दिवस घरी आला आणि अंगणात बाजेवर बसून त्यानं आईबापाला सगळं सांगितलं. मुंबईचा विमानतळ ते नागपूरचा विमानतळ, अंतर सातशे किलोमीटर. वर गेल्यावर ढग खाली दिसतात. एक बाई चहा आणून देते. तो चहा संपून कप परत दिला की नागपूर येतं.

"सव्वा तास?" भिवाजीनं पुन्हा विचारलं.

"सव्वा तास, बाबा."

भिवाजीची बायको भागिरथा चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "इतक्या लवकर माणूस येते, मंग त्याचा जीव मांगं नाई राहत का रे?"

"नाई राहत माय. तो बी बाजूले बसून चहा पेते."

भागिरथा हसली. मग तिनं विचारलं, "आपल्या घरावरून जाते का थे विमान?"

"घरावरून नाई, पण जवळून जाते. कारंज्याच्या अंगानं. सकाळी उत्तरेकडं पाहत जाय, दिसन तुले."

तेव्हापासून सकाळी गोवऱ्या थापताना तिचा हात मधेच थांबायचा. शेणाचा हात कपाळाला लागू नये म्हणून ती मनगट डोळ्यांवर धरायची आणि उत्तरेकडे पाहायची. कधी दिसायचं, कधी नाही. दिसलं की ती म्हणायची, "गेलं वं बाई," आणि पुन्हा गोवरी थापायची.

भिवाजीचं वेगळं होतं. मुलगा मुंबईला गेला तेव्हा तो फार दूर गेला असं त्याला वाटलं होतं. त्या सव्वा तासानं ते दूरपण पुसून टाकलं. "माहा देवमन सव्वा तासाच्या वाटेवर हाय," असं तो म्हणायचा. त्याचा चुलतभाऊ उकंडराव त्याच्याहून मोठा, बौद्धवाड्यात ज्याच्या शब्दाला मान होता असा माणूस. तो एकदा म्हणाला होता, "पोराले मुंबईहून नागपूरले सव्वा तास, अन् तुले बैलगाडीनं मंगरूळले अर्धा दिस. म्हंजे भिवा, मुंबई तं आपल्याले मंगरूळपेक्षा जवळ झाली गा." सगळे हसले. भिवाजीही हसला, पण त्याला ते खरंच तसं वाटत होतं.

नागपूर किती दूर आहे हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. छप्पन साली तो आणि भागिरथा पाच वर्षांच्या देवमनला खांद्यावर घेऊन दीक्षेला नागपूरला गेले होते. उकंडरावही बरोबर होता. मुर्तिजापूरपर्यंत गाडीबैल, तिथून रेल्वेत उभ्यानं. भागिरथाच्या पायांना फोड आले होते. तो सगळा रस्ता भिवाजीच्या पायांना ठाऊक होता. पण विमानाचं नाव निघालं की तो रस्ता त्याच्या हिशेबातून निघून जायचा.

शहात्तर सालच्या वैशाखात भागिरथाला काविळीनं धरलं. आधी गावचं औषध झालं, मग मंगरूळच्या डॉक्टरांचं. ती पिवळी पडत गेली, मग अन्न सुटलं. एका सकाळी तिनं भिवाजीला जवळ बोलावलं.

"देवमनले बलवा," ती म्हणाली. "आता मले राहवत नाई."

भिवाजी तसाच उठला, सदरा घातला आणि पहिल्या मोटारीनं मंगरूळच्या पोस्टात गेला. तारबाबूनं मजकूर विचारला.

"माय लय बिमार हाय. विमानानं ये म्हणा."

"'आई अत्यवस्थ, ताबडतोब ये,' एवढं पुरे," तारबाबू म्हणाला.

"विमानानं लिवा साहेब."

"अहो, ताबडतोब म्हटलं की येईल ना तो. ज्यानं लवकर येता येईल त्यानं येईल."

"नाई साहेब. विमानानंच लिवा. त्याले सवय हाय विमानाची."

मागं चार माणसं उभी होती, ती ऐकत होती. इतक्या काळजीतही त्यांनी ते ऐकावं असं भिवाजीला वाटलं. तारबाबूनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, 'ताबडतोब' खोडलं आणि 'विमानाने' लिहिलं.

संध्याकाळी भिवाजी भागिरथाच्या बाजेजवळ बसला. "तार गेली," तो म्हणाला. "उद्या विमानानं येते तो."

"सकाळच्याच ना?"

"सकाळच्याच."

"मंग मले सकाळी बाहेर काढजा. मी पाहीन." थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्याच्यासाठी ज्वारी दळून नाई ठेवली."

"चंपावयनी देईन भाकरी. तू कायले काळजी करतं?"

चंपाबाई म्हणजे उकंडरावची बायको. शेजारचंच घर.

पहाटे अंधारात भागिरथानं पाणी मागितलं. भिवाजीनं चाचपडत तांब्या तिच्या तोंडाला लावला. एक घोट आत गेला, बाकीचा गळ्यावरून ओघळला. त्यानं तो धोतराच्या सोग्यानं टिपला आणि तो पुन्हा आडवा झाला. कोंबडा आरवल्यावर त्यानं हाक मारली. तिनं ओ दिली नाही. त्यानं तिच्या पायाला हात लावला. मग तो धावत उकंडरावच्या दारात गेला. चंपाबाई आली, तिच्यामागून दुसऱ्या बाया आल्या, आणि बायांनी त्याला बाहेर काढलं.

उजाडल्यावर मंगरूळच्या मोटारीनं तार आली. देवमननं आदल्या संध्याकाळी केलेली: 'सकाळच्या विमानाने निघतो.' शाळेच्या मास्तरांनी ती वाचून दाखवली. ज्या पोरानं ही तार केली त्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

बायांनी भागिरथाला न्हाऊ घातलं, पांढऱ्या लुगड्यात गुंडाळलं आणि अंगणातल्या निंबाखाली आणून ठेवलं. तोंडावर पातळ कापड टाकलं, माशा बसू नयेत म्हणून. ऊन आताच चढत होतं.

उकंडराव भिवाजीजवळ येऊन बसला. "काय करायचं?"

"देवमन येऊन राह्यला. त्यानं मायचं तोंड पाह्यलं पाह्यजे."

"ते तं हायच. पण किती वाजता येईन?"

"विमान निघालं असन आता. सव्वा तासात नागपूर. तिथून मोटार करन तो, कचेरीचा माणूस हाय. दुपारपर्यंत दारात."

"नागपूरहून दुपारपर्यंत?" उकंडराव म्हणाला. पण मेलेल्या माणसाच्या दारात कोणी हिशेब घालत नाही, म्हणून तो पुढं बोलला नाही.

"खड्डा खणाले घ्या," भिवाजी म्हणाला. "उनात माती फुटत नाई. तो आला की उशीर नको."

पोरं फावडी आणि टिकाव घेऊन नाल्याकडे गेली. ती अंगणातून बाहेर पडत होती तेवढ्यात कोणीतरी वर बोट केलं. उत्तरेला, कारंज्याच्या दिशेनं, एक पांढरा ठिपका उन्हात चमकला. आवाज मागून आला, बारीक, दळणासारखा. सगळं अंगण उभं राहिलं. बायांनी पदर कपाळावर ओढून पाहिलं. पोरं टिकाव खांद्यावर घेऊन पाहत राहिली.

"त्यातच हाय देवमन," एकजण म्हणाला.

भिवाजी उभा होता. तो ठिपका पूर्वेकडे सरकत गेला. मुलगा त्याच्या आईच्या अंगावरून गेल्यासारखा गेला आणि थांबला नाही. भिवाजीला ओरडावंसं वाटलं. काय ओरडायचं हे त्याला कळलं नाही. ठिपका झाडाआड गेला आणि तो खाली बसला.

"आला बाप्पा, आला," म्हातारे म्हणाले. "आता काय, घटकाभर."

दुपारपर्यंत पोरं परत आली. खड्डा झाला होता. खाली मुरूम लागला म्हणून वेळ लागला, असं ती म्हणाली आणि रांजणावर जाऊन पाणी प्यायली. केनवडहून भागिरथाचा भाऊ माहेरचं लुगडं घेऊन आला. दोन मोटारी बदलून आला होता. त्यानं बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं, रडला, आणि मग विचारलं, "देवमन?"

"येऊन राह्यला," भिवाजी म्हणाला.

तो अंगणात कमी आणि रस्त्यावर जास्त होता. घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत जायचा, मंगरूळच्या रस्त्याकडे पाहायचा, परत यायचा. परत आला की पांढऱ्या कापडाकडे एकदा नजर टाकायचा, जशी घरात ठेवलेली वस्तू जागेवर आहे ना म्हणून माणूस टाकतो, आणि पुन्हा निघायचा. दुपारची मोटार आली. तिच्यातून दोन शेळ्या आणि एक म्हातारा उतरला.

तो परत आला तेव्हा बाया निंबाखाली बसून बोलत होत्या. लिलाबाईचा आवाज होता. तिचा मुलगा गोविंदा मुंबईतच गिरणीत होता, दर दिवाळीला यायचा.

"माहा गोविंदा तं मेलनं येते वं," ती सांगत होती. "सांजेले बसला की सकाळी मुर्तिजापूरले उतरते. दुपारची भाकर घरी खाते."

"त्याचं अलग. देवमन विमानानं येते," दुसरी म्हणाली.

"हो बाप्पा, मोठ्यायचं मोठं." लिलाबाईच्या बोलण्यात खोच नव्हती. ती पदरानं प्रेताला वारा घालत होती. "पण कालच्या मेलनं निघाला असता तं आता मायजवळ बसला असता पोरगा. एवढंच म्हणतो मी."

भिवाजी जागच्या जागी थांबला.

काल सकाळी तार गेली. संध्याकाळपर्यंत ती देवमनच्या हातात पडली, म्हणून तर त्यानं उलट तार केली. मेल त्यानंतर निघाली. ती मुर्तिजापूरला सकाळी आली आणि निघून गेली, आणि तिच्यात देवमन नव्हता. का नव्हता, याचं उत्तर अंगणातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. भिवाजीला होतं. मंगरूळच्या पोस्टात त्यानंच ते उभं राहून लिहवून घेतलं होतं.

मग त्यानं नागपूरचा रस्ता पहिल्यापासून मोजायला घेतला, जो त्यानं सकाळी मोजायला हवा होता. नागपूर ते अमरावती. अमरावती ते कारंजा. कारंजा ते मंगरूळ. मंगरूळ ते घर. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, पुढची मोटार कधी आहे विचारायचं, उन्हात उभं राहायचं. ज्या कारंज्यावरून तो सकाळी उडत गेला त्याच कारंज्याला परत यायला त्याला दिवस लागणार होता. खासगी मोटार करील, हे भिवाजी स्वतःच म्हणाला होता. देवमनच्या खिशात तेवढं कुठून येणार? विमानाच्या तिकिटालाच त्यानं कोणापुढे हात पसरला असेल कुणास ठाऊक.

तो उकंडरावकडे गेला.

"दादा, मेलनं आला असता तं पोचला असता का?"

उकंडराव बिडी ओढत होता. त्यानं भिवाजीकडे पाहिलं नाही. "आता त्याचं काय भिवा?"

"सांग नं."

"पोचला असता."

भिवाजी त्याच्या बाजूला बसला.

ऊन कललं तेव्हा उकंडराव उठला. त्यानं एकदा निंबाखाली जाऊन पाहिलं, परत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आता उचला लागते."

"तो येते अजून."

"खड्डा सकाळचा खणून हाय. खणलेला खड्डा रातभर उपाशी ठेवत नसतात. दुसऱ्याले बलावते."

भिवाजी चिडला. दिवसभरात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "हे सारं सोडलं नं आपण? नागपुरात हात वर करून सोडलं. तू होता माह्या बाजूले. आता खड्डा उपाशी म्हणतं?"

पोरांपैकी एकजण म्हणाला, "भिवामामा बरोबर बोलते. हे जुनं हाय सारं."

उकंडरावनं त्या पोराकडे पाहिलंही नाही. त्यानं भिवाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "खड्ड्याचं जाऊ दे. मी बुढा झालो, तोंडातून निघते. पण तू तिचं पाह्य. वैशाख हाय भिवा. सकाळपासून उनात हाय ते बाई. निंबाचा पाला, उदबत्त्या, किती झाकतीन? पोरगं आलं तं त्याले काय दाखवशीन?"

भिवाजीला वास येत होता. दुपारपासून येत होता. तो उदबत्तीचा आहे असं तो स्वतःला सांगत होता.

"सांजची मोटार पाहू," तो म्हणाला.

संध्याकाळची मोटार आली. तिच्यातून कोणी उतरलं नाही.

त्यांनी भागिरथाला उचललं. भावानं माहेरचं लुगडं तिच्यावर घातलं. मास्तरांनी त्रिसरण म्हटलं, लोकांनी मागून म्हटलं. भिवाजीनं पुढचा दांडा धरला होता. चालताना तो मान वळवून रस्त्याकडे पाहत होता, आणि त्याचं पाऊल चुकलं की तिरडी डुलत होती. मागून कोणीतरी म्हणालं, "भिवामामा, सामोरं पाहा."

खड्ड्याशी तिला खाली ठेवलं. मातीआधी सगळ्यांनी तोंड पाहायचं असतं. चंपाबाई नाल्यापर्यंत आली होती. तिनं पुढं होऊन तोंडावरचं कापड काढलं. लोक एकामागून एक वाकून पाहू लागले. भिवाजी रांगेत होता. त्याच वेळी मंगरूळच्या रस्त्यावर धूळ उठली.

"मोटार!" तो म्हणाला, आणि रांग सोडून बांधावर चढला. शेताच्या धुऱ्यावरून धावत रस्त्याच्या वळणापर्यंत गेला. हात वर केले. सरकी भरलेला ट्रक होता. तो थांबला नाही, धूळ भिवाजीच्या अंगावर टाकून वाशीमकडे निघून गेला.

तो परत आला तेव्हा कापड पुन्हा टाकलं होतं आणि दोघं खड्ड्यात उतरून तिला खाली घेत होते. दिवस मावळायला आला होता. उकंडरावनं त्याच्या मुठीत माती दिली. त्यानं ती टाकली.

लोक परत निघाले. पुढं पोरं, खांद्यावर फावडी. गावाच्या शिवेवर समोरून एक माणूस येताना दिसला. पँट गुडघ्यापर्यंत पांढरी झालेली, हातात छोटी बॅग. कारंज्याहून मंगरूळपर्यंत एका मालट्रकनं आणलं होतं, पुढं कोणाच्या तरी सायकलवर, आणि शेवटचे मैल तो चालत आला होता.

देवमननं आधी लोक पाहिले. मग त्यानं फावडी पाहिली. त्यांच्या पात्यांना मुरूम लागला होता. तो तिथंच थांबला. पोरांनी फावडी खांद्यावरून खाली घेतली, पण ती लपवायला जागा नव्हती.

"माय?" तो म्हणाला.

भिवाजी पुढं आला.

"आत्ताच दिली रे बावा माती," उकंडराव म्हणाला. "दिवसभर पाह्यली तुही वाट."

देवमन बॅग तिथंच टाकून नाल्याकडे निघाला. लोक पुन्हा मागं वळले. ताज्या मातीच्या ढिगाऱ्याशी तो गुडघ्यावर बसला. रडला नाही. हातानं माती दाबून पाहिली.

"नरम हाय," तो म्हणाला. "काकाजी, तोंडावरची काढू द्या. दुसरं काई नाई मांगत. तोंड पाह्यतो अन् मीच टाकतो परत."

"नाई बावा. दिलेली माती परत घेत नाई."

"आपण मानत नाई नं हे?"

देवमन बापाकडे वळला. "बाबा, तुमी सांगा या पोरायले. तुमी म्हणान तं काढू देतीन."

सगळे भिवाजीकडे पाहू लागले. खरंच होतं ते. तो हो म्हणाला असता तर पोरांनी फावडी उचलली असती. एवढी एकच गोष्ट दिवसभरात त्याच्या हातात उरली होती. मुलाच्या नखांत माती गेली होती. भिवाजीला दुपारचा वास आठवला, आणि उकंडरावचं बोलणं, पोरगं आलं तर त्याला काय दाखवशील.

"नको," तो म्हणाला.

"बाबा!"

"नको म्हणतो नं मी."

देवमननं हात मातीवरून काढला. लोक हळूहळू पांगले. बापलेक तिथं राहिले.

बऱ्याच वेळानं देवमन बोलायला लागला, बापाकडे न पाहता. "काल सांजेले मी टेशनावर गेलतो. मेलच्या खिडकीसामोर लायनीत उभा होतो. चार माणसं राह्यली होती सामोर. मंग तार पुन्हा काढून वाचली. म्हतलं, बाबानं विमानानं ये म्हणून लिवलं. बाबानं आजपावेतो मले काई मांगतलं नाई. काई तरी इचार करूनच लिवलं असन. म्हणून लायन सोडली."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भिवाजीला तो घेता आला असता.

"वरून पाह्यलं मी," देवमन म्हणाला. "गाव कोणतं हाय ते समजत नाई वरून. सारे सारखेच दिसते."

भिवाजी मातीकडे पाहत राहिला.

"त्रास झाला का मायले?"

"नाई. पाणी पेली अन् गेली."

"तोंड कसं होतं तिचं?"

भिवाजीनं तोंड उघडलं. त्याला पाय आठवले, पहाटे हात लावलेले, थंड. पांढरं कापड आठवलं, निंबाची सावली, माशा. मंगरूळचा रस्ता आठवला, वळणावरची बाभूळ, दुपारच्या मोटारीतल्या शेळ्या, ट्रकच्या मागं उठलेली धूळ. तो दिवसभर शोधत गेला आणि त्या दिवसात भागिरथाचं तोंड कुठंच नव्हतं. पहाटे अंधार होता. मग बाया होत्या. मग कापड होतं. मग तो धुऱ्यावर धावत होता.

"झोपल्यावानी," तो म्हणाला. लोक म्हणतात तेच.

देवमननं मान हलवली. त्याला थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. तो उठला, बापाला हात दिला, आणि दोघं घरी आले.

त्या घरात चूल पेटली नव्हती. चंपाबाईनं आपल्या घरून भाकर आणि पिठलं आणलं होतं, कडू घास म्हणून. देवमन आत मामाजवळ बसला. भिवाजी ओट्यावर बसला होता. चंपाबाईनं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि ती जायला वळली.

"वयनी," भिवाजी म्हणाला. "तिचं तोंड कसं होतं?"

चंपाबाई थांबली. "म्हंजे?"

"भागिरथाचं. तुमी न्हाऊ घातलं नं. कसं होतं?"

"अवो भाऊजी, असं काय इचारता? दिवसभर जवळ तं होते तुमी."

चंपाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ती खाली बसली, पदर डोक्यावरून पुढं घेतला, आणि आवाज बारीक केला.

"पिवळं होतं," ती म्हणाली. "गाल आत गेलते. ओठ सुकेल. मी खोबऱ्याचं तेल लावलं जराक. केसं इंचरले. दात घट बसले होते, तोंडात पानी घालाचं म्हतलं तं जाईना." ती थांबली. "डावा डोळा मिटेना."

"मिटेना?"

"दोनदा हात फिरवला मी वरून. पुन्हा उघडे. लिलाबाई म्हणे पैसा ठेव वर. मी म्हतलं, राहू दे वं. पोराची वाट पाहून राह्यली ते. पोरगं आलं का मिटन."

"मंग?"

"मंग काय. नाल्यावर कापड टाकलं मी त्यावर."

भिवाजीनं भाकरीचा तुकडा मोडला. तो हातातच राहिला.

आतून देवमनचा आवाज आला. मामा काहीतरी विचारत होता, आणि देवमन त्याला सांगत होता, "नाई, त्रास नाई झाला म्हणे. बाबा म्हणे झोपल्यावानी होती."

चंपाबाईनं भिवाजीकडे पाहिलं. मग ती उठली आणि आपल्या घरी गेली. भिवाजीनं तो तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिला.